बिनगुंड्यांचा झगा

कप्तानाने लुटीतला निळ्या रेशमाचा तागा फळीवर आपटला, तेव्हा थाओ शिंप्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बुटांकडे पाहिलं. टाचेला पितळी पट्टी मारलेले हेच बूट गेल्या महिन्यात थाओच्या बापाला ओलांडून घरात शिरले होते. म्हातारा दारातून हलेना, म्हणून त्याला तिथेच गोळी घातली होती. ते घरही आता कप्तानाच्या लक्षात नव्हतं.

परदेशी फौजा शहरात शिरताच राजघराणं गाड्यांत बसून पेइचिंगमधून पळालं होतं. राजाच पळाला की रयतेला कोण विचारतो? रिकाम्या राजवाड्यात गोरे अधिकारी सिंहासनावर बसून फोटो काढून घेत होते. कप्तानालाही तसा फोटो हवा होता, चिनी उमरावाच्या थाटातला. सोबतच्या निये दुभाष्याने हे सांगितलं. झगा मनासारखा झाला नाही तर दुकान जाळू, हेही सांगितलं.

"शिवतो," थाओ म्हणाला.

गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. पाणक्याने त्याच्या दारी पाणी टाकणं बंद केलं. शेजारच्या मिआओ आजीने तर भर रस्त्यात ऐकवलं, "बापाच्या थडग्याची माती अजून ओली आहे, आणि तू त्याच्या मारेकऱ्याला नटवतोस? लाज कोळून प्यालास काय रे?" थाओ दातओठ खात शिवत राहिला.

झगा अंगात घातल्यावर कप्तानाच्या कपाळाला आठी पडली. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. पुढे एकही गुंडी नव्हती, नुसते बांधायचे बंद. तो नियेवर खेकसला.

निये मिशनच्या शाळेत शिकला असला, तरी याच शहरात जन्मलेला. त्याला फसवता येणार नव्हतं. त्याने तोंड उघडलं की थाओचं मुंडकं गेलंच.

नियेने आधी बाह्या पाहिल्या, मग बंद चाचपले. "मास्तर, साहेब विचारतात, हात झाकलेले का?"

"मोठ्या माणसाला हाताने काही करावं लागत नाही, म्हणावं."

निये कप्तानाशी बोलला. त्यात त्याने पदरचंही काही घातलं असावं, कारण कप्तान खूश होऊन हसला आणि तसाच झगा घालून राजवाड्याकडे निघाला.

गोऱ्याला पाहून दारं लावून घेणारी माणसं आज उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मिआओ आजीने आधी त्या झग्याकडे आणि मग थाओकडे पाहिलं. मग ती रस्त्यात गुडघे टेकून बसली आणि कपाळ जमिनीला लावलं. पाणक्याही वाकला. कप्तानाने मान तुकवून तो मुजरा घेतला.

निये दारात रेंगाळला होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "शवपेटीत ठेवताना मढ्याच्या तोंडावर टाकायचा रुमाल तेवढा द्यायचा राहिला."