आबांचं उत्तर

"आबा, खरं तेच बोला. भाषण नको," संयोगिता म्हणाली.

"मी काय पुढारी हाय व्हय?" लालासाहेब म्हणाले. ती समोर तोंड करून बोलली होती, म्हणून एवढं समजलं.

लॅपटॉपवर आठ चौकटी उजळल्या. एकीत समुपदेशक मॅडम, बाकीच्यांत पोरं-पोरी. दर गुरुवारी संध्याकाळी संयोगिता खोलीचं दार लावून या पोरांशी बोलायची. घरात न बोललेलं तिथं बोलायची. आज मॅडमनी पहिल्यांदाच घरातल्या एकेका माणसाला बोलावलं होतं. संयोगिताच्या घरात आईनंतर एकच माणूस उरलं होतं.

सांगलीच्या धवलनं ओठावरून बोट फिरवून मिशीची खूण केली. सगळे हसले. लालासाहेबांनीही मिशीला पीळ दिला. तेवढ्यात पडद्याच्या कडेला एक ओळ उमटली. 'नमस्कार काका, मी पलूसची प्राची. आमच्या घरात माणसं लय, म्हणून मी लिहूनच बोलते.' लालासाहेबांना ती पोरगी फार आवडली.

तोफखान्यातल्या एकवीस वर्षांनी त्यांचा डावा कान नेला होता. उजवा गेल्या दोन वर्षांत हळूहळू गेला. ते साताऱ्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा करत. कळलं तर काम जाईल म्हणून तिथं सांगितलं नाही. मग घरी सांगायचंही राहून गेलं. बायको मनुबाई असती तर तिला सांगावं लागलं नसतं. ती काहीही बोलायची ते समोर येऊन, हातवारे करून. संयोगिता बोलायची ती भांडी घासताना, पाठमोरी, नाहीतर दारातून जाता जाता. लालासाहेब अंदाजानं मान हलवायचे. पुढं पुढं तिचं बोलणंच कमी झालं. पोरगी मोठी झाली, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

मॅडमनी संयोगिताला 'विचार' अशी हातानं खूण केली. तिनं खुर्ची आबांकडं वळवली, पण मान खालीच ठेवली. केस तोंडावर आले होते. लालासाहेब वाकले. 'आई' एवढा शब्द त्यांना दिसला. मग बराच वेळ फक्त हनुवटी हलत राहिली. शेवटी तिनं डोळे वर केले, तेव्हा ओठांवर 'वाटतं का?' होतं.

मधलं त्यांनी मनानंच भरलं. आई आज असायला हवी होती, असं वाटतं का? दोन वर्षांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं.

"व्हय तर," ते म्हणाले. "रोज वाटतंय."

आठही चौकटींत कुणी हललं नाही. नेटवर्क गेलं, असं त्यांना वाटलं. मग धवलनं तोंडावर हात घेतला. मॅडमचे ओठ भराभर हलू लागले. संयोगिता उठली आणि शेजारच्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

कडेला ओळ उमटली. 'काका, तिनं काय विचारलं ते तुम्हांला ऐकू आलं का?'

लालासाहेबांनी कॅमेऱ्याकडं बघून मान हलवली. नाही.

दुसरी ओळ यायला वेळ लागला.

'तिनं विचारलं, मला लोणंद स्टेशनवरून आणायला आई निघाली आणि तिचा अपघात झाला. आई माझ्यामुळं गेली, असं तुम्हांला वाटतं का?'

त्यांनी बोट ठेवून ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची मागं पडली ते त्यांना कळलंही नाही.

"न्हाई गं पोरी. न्हाई. कवाच न्हाई." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आपला आवाज किती चढलाय, हे त्यांना समजत नव्हतं. "तू काय इचारलंस ते मला कळलंच न्हाई. मला ऐकू येत न्हाई गं."

खांदा ताठ झाला. मग थरथरायला लागला. तिचं तोंड भिंतीकडंच होतं, ओठ दिसत नव्हते. ती रडत होती की काही बोलत होती, हे त्यांना कळेना. त्यांनी वळून पडद्याकडं पाहिलं.

'काका, ती विचारतेय, कधीपासून?'