कचरा

"बाबा, बुजगावणं!"

बाबांनी दोन्ही हात आडवे पसरले. अंगाला घट्ट बसलेला काळा पोशाख, हातात तसेच मोजे, त्यावर पार बोटांपर्यंत चिकटवलेले पांढरे मणी, आणि वर छतावरून टकामका बघणारे कॅमेरे. प्रत्येक वेळी सुरुवातीला असं उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे मशीनला माणूस कळतो. बुजगावणं हे नाव बाबांनीच सकाळी ठेवलं होतं आणि चहा येईपर्यंत अख्खा हॉल तेच म्हणायला लागला होता.

विद्यापीठाच्या त्या हॉलमध्ये भिंतभर पडदा होता. पडद्यावर शिंप्याची जुनी खोली उभी केली होती, खिडकीतल्या उन्हासकट. खोलीत एक राखाडी बाहुला बाबा हलतील तसा हलत होता. टेबलामागे बसलेली त्यांची लेक त्या बाहुल्यावर डोळे लावून होती. हॉल तिच्या ताब्यात होता, पण आजच्यापुरताच. उद्यापासून तो दुसऱ्या विभागाला दिलेला. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर बाबांचा तो प्रसंग गेलाच.

तो प्रसंग म्हणजे काय सांगावं! म्हातारा शिंपी सुईत दोरा ओवतो, बस्स. हातात ना सुई, ना दोरा. तरी शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा सुईचं भोक दिसायचं. दोरा दोनदा हुकायचा, तिसऱ्यांदा आत जायचा, आणि श्वास रोखून बसलेलं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जायचं. रस्त्यात लोक बाबांना 'सुईदोरा' म्हणूनच हाक मारत. हे जपून ठेवू या म्हणून लेक किती दिवस मागे लागली होती. "मशीनपुढे नाचायला मी काय माकड आहे?" हे ठरलेलं उत्तर. आणि मग परवा परवा, ती जेवताना नेहमीसारख्या हॉलमधल्या गमतीजमती सांगत असताना, म्हाताऱ्यानं आपणहून विचारलं, "कधी येऊ गं तुझ्या हॉलात?" आनंदानं तिला घास गिळवेना.

आणि आता हे! बाहुला खिडकीशी बसला. डाव्या हातात त्यानं सुई धरली. उजवा हात दोरा घेऊन पुढे आला आणि थरथरायला लागला.

"थांबा, बाबा. मणी सैल झालाय."

असं होतं. मणी सैल झाला, कॅमेऱ्याला नीट दिसला नाही, की पडद्यावरचा अवयव थरथरतो. तिनं जाऊन बाबांचा हात हातात घेतला, नवे मणी लावले. तिच्या मुठीत हात अगदी गप्प होता. पुन्हा बुजगावणं, पुन्हा सुई, पुन्हा थरथर. तिनं कॅमेऱ्यांच्या काचा पुसून घेतल्या. सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून केली. पडद्यावरचं ऊन खोटं, पण तिला घाम खरा फुटला होता. बाबा आपले मजेत.

"तुमचं मशीन भित्रं आहे," ते म्हणाले. "मला बघून लटपटतंय."

सगळे हसले. तीही हसली. खरं तर तिला रडू येत होतं.

"ताई, एवढं काय मनाला लावून घेता?" शेजारच्या संगणकावरून काका म्हणाले. तिशीतच केस पिकले म्हणून त्यांना सगळे काका म्हणत. "कचराच आहे ना? एक बटण दाबतो, साफ."

थरथरीला त्या हॉलमध्ये कचरा म्हणतात. तो काढायची सोय असते, रोज काढतातही. पण त्यात हात गुळगुळीत होतो, बोटांतली बारीक जादू निघून जाते. बाबांच्या बाबतीत तिला ते नको होतं.

"मुळात कचरा येतोच कुठून ते बघू," ती म्हणाली. तिनं बाबांचा हातमोजा उतरवला, स्वतःच्या हातात चढवला आणि हात पुढे धरला.

पडद्यावरचा हातही पुढे आला, पण जराही थरथरला नाही.

"बघा! मोजा ठीक आहे, मणी ठीक आहेत," काका म्हणाले. "मग घोडं अडलंय कुठे?"

त्या हॉलमध्ये माणसाकडे कोणी बघत नाही. सगळे पडद्याकडे बघतात. मोजा परत द्यायला ती वळली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं बाबांकडे नीट पाहिलं. त्यांचा उघडा उजवा हात मांडीवर होता. तो थरथरत होता. तिची नजर पडताच त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला.

तिला एकेक आठवायला लागलं. हल्ली चहा अर्धाच कप मागायचे. बिनबटणांचे सदरे घालायला लागले होते. सही करायची वेळ आली की चष्मा हरवायचा. एकाच घरात राहून तिला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

बाबांनी तिच्या हातातून मोजा घेतला. तो चढवायला त्यांना वेळ लागला. मग बुजगावणं झालं, आणि त्यांनी थरथरत्या हातानं प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत केला.

"ताई, काढू ना कचरा?" काकांनी विचारलं. "की तुम्हीच दाबता?"

तिचं बोट बटणावर येऊन थांबलं. पडद्यावरचा हात तिला एका क्षणात बरा करता येत होता. शेजारी येऊन बसलेल्या बाबांच्या हातासाठी तिच्याकडे काहीच नव्हतं. तिला बटण दिसेनासं झालं.

"दाब की गं," बाबा हळूच म्हणाले. "त्या दिवशी जेवताना तूच नाही का सांगितलंस, तुमच्याकडे थरथर काढून टाकता येते म्हणून? नाहीतर मी कशाला आलो असतो?"