बेलच्या प्रमेयातली चूक

बलभीम काका आत आले तेव्हा मंजुषा मॅडमच्या टेबलावर अजून चाळीस उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या.

"ह्या बारीला चूक घावायची न्हाय, मॅडम," म्हणत त्यांनी टाचलेले कागद पुढं सरकवले. नेहमीसारख्या दोन प्रती. एक त्यांची, एक मॅडमची.

काका येडशीला स्टेशन मास्तर होते. निवृत्त झाल्यावर, सहा वर्षांपूर्वी, कुठल्याशा मासिकात त्यांनी बेल नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रमेयाबद्दल वाचलं आणि धाराशिवच्या या कॉलेजात भौतिकशास्त्र विभाग विचारत आले. तेव्हापासून दर महिन्याला ते प्रमेय खोटं पाडणारे नवे कागद घेऊन येत. मॅडम चूक दाखवत. काका बराच वेळ कागदाकडं बघत, "व्हय, चुकलंच," म्हणत आणि परतीची बस धरत.

वाद तोच होता. एका जागेहून निघालेले दोन कण एकमेकांपासून लांब जातात. इथं एकाला मोजलं, तिथं दुसऱ्याला मोजलं, तर उत्तरं जुळतात. काका म्हणत, "निघतानाच ठरवून निघालेत ते. दोघांच्या खिशात चिठ्ठी हाय." मॅडम म्हणत, "चिठ्ठी असती तर जुळणी एका मर्यादेपर्यंतच गेली असती, काका. बेलनं ती मर्यादा काढून दिली. प्रयोगात जुळणी तिच्याही पुढं जाते."

आज काकांनी खुर्ची जवळ ओढली. "आमच्याकडं गाडी सोडायला टोकनाचं मशीन होतं. हितं टोकन काढलं की फुडच्या स्टेशनातलं मशीन बंद. पण मधी तार होती. तुमच्या कणांना तार बी न्हाय, चिठ्ठी बी न्हाय. मग लांब गेलेल्याचं इकडं कळतं कसं?"

"कळत नाही, काका. निरोप जातच नाही. नुसतं जुळतं."

"नुसतं जुळतं," काका हळूच म्हणाले.

मॅडमनी कागद उघडले. सकाळपासून दोन प्रात्यक्षिकं झाली होती. विभागातल्या दोन जागा रिकाम्या, त्यांचेही तास मॅडमच्याच गळ्यात. गुडघे ठणकत होते. पहिलं पान सुबक अक्षरातल्या समीकरणांचं. दुसऱ्या पानावर मध्येच चूक होती, मार्चमध्ये दाखवलेलीच. ती समजवायला पाऊण तास गेला असता. त्यांनी उरलेली पानं नुसती उलटली. एका थकलेल्या माणसाला एकदा बरोबर म्हटलं, तर विश्वाचं काय बिघडणार होतं?

"बरोबर आहे, काका," त्या म्हणाल्या.

काकांनी मॅडमच्या हातातल्या कागदांकडं बघितलं. मग म्हणाले, "समदी पानं बघितली?"

"बघितली."

"शेवटचं बी?"

"शेवटचंही."

त्यांना आनंद होईल असं मॅडमना वाटलं होतं. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "मग तसं लिहून द्या. सही करा."

मॅडमनी काकांच्या प्रतीवर लिहिलं, 'संपूर्ण तपासलं. कुठेही चूक नाही.' खाली सही केली. काकांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"चहा सांगते."

"नगं. घरी धुरपता वाट बघत आसंल. येतो. आता परत तरास देत न्हाय तुम्हाला."

ते गेले. मॅडमना जरा हलकं वाटलं. महिन्यातला एक तास सुटला होता, आणि म्हातारा माणूस जिंकून गेला होता.

शेवटची उत्तरपत्रिका संपली तेव्हा सात वाजले होते. काकांची प्रत फाईलला लावायला त्यांनी उचलली, तर शेवटच्या पानावर समीकरणं नव्हती.

'मॅडम, माझी मुलगी अक्षदा आज सहाच्या बसनं येते आहे. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून मी तिला घरात घेतलं नाही. आता लेकराला घेऊन येते आहे. दार उघडायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिची आई धुरपता म्हणते, माझं चुकतं. घरात मी कुणाचं कधी ऐकलं नाही. आयुष्यात माझी चूक मला फक्त तुम्ही दाखवलीत, आणि दर वेळी मी ती मानली. यात चूक असेल तर सांगा. मी दार उघडीन.'