शिकंजा

"मिस्त्री, खाली नका बसू! एखादं गिऱ्हाईक पाय देऊन जाईल तुमच्यावर." जलीलभाई गल्ल्यावरून ओरडले, तोवर लिंबाजी सुतार दुकानाच्या दारातच बैठक मारून मोकळा झाला होता. करवतीची धार बघायची म्हणून त्याने फळीचा तुकडा मागून घेतला, चपला काढल्या, तुकडा पायाच्या बोटांत पकडला आणि करवत चालवली. त्याच्या बायकोने, चांगुणाने, कपाळावर हात मारला. सुतार जमिनीवर बसतो आणि लाकूड पायाने धरतो, एवढंच त्याला बापाने दाखवलं होतं आणि त्यापलीकडे बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती.

हत्यार विकत घ्यायला दोघं पहिल्यांदाच उदगीरला आली होती. आजवर लाकूड तासायचा वाकस म्हणा, भोकं पाडायचं किंकरं म्हणा, गावचा लोहारच घडवून द्यायचा आणि लिंबाजी त्याच्या घणाला दांडा बसवून द्यायचा. पण सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं. बैल छावणीला गेले, औतं धूळ खात पडली आणि खळ्यावर दाणाच नाही तर सुताराला बलुतं कुठलं? इकडे लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या निघाल्या, शाळा वाढल्या आणि पार जळकोटपर्यंत टेबल-खुर्च्यांना मागणी आली. चांगुणाने नवऱ्याला न विचारता आपल्या शेळ्या विकल्या आणि घरातच कारखाना काढायचा, असं जाहीर केलं. पत्र्याच्या चार पानांखालच्या जागेला ती कारखानाच म्हणत होती.

करवत आणि रंधा ठरला. उरल्या पैशात एकच वस्तू बसत होती. लिंबाजीचा जीव नव्याकोऱ्या वाकसावर जडला होता आणि चांगुणाचं बोट भलत्याच वस्तूवर होतं.

"ह्ये काय हाय, भाई?"

"शिकंजा." जलीलभाईंनी दांडी फिरवली तशी लोखंडाचे दोन जबडे एकमेकांना भिडले. "टेबलाला बोल्ट मारून पक्का बसवायचा. लाकूड ह्यो धरतो, मिस्त्री उभ्यानं काम करतो. लातुरात समदे असंच करून राहिलेत."

"उभ्यानं?" लिंबाजी हसला. "पाय लागल्याबिगर लाकूड ऐकत असतंय व्हय? मला वाकस द्या. पाऊस पडला की मोडकी औतं भराया लागत्याल."

"लोकाच्या दारात बसून," चांगुणा म्हणाली.

"मंग? सुतार कुठं बसतो?"

"त्या अंगठ्याला इचारा." वाकस निसटून त्याच्या उजव्या पायाचा अर्धा अंगठा कधीच गेला होता. "हळद दाबू दाबू माझं हात पिवळं झालं. आता लोखंडाला धरू द्या लाकूड."

लिंबाजीने वाकस सोडला नाही. चांगुणाचा संताप झाला. कामाच्या दिवसांत ती भाकरी घेऊन पाटलाच्या दारात जायची, तेव्हा हा अंगणातल्या मातीत बसलेला असायचा आणि ओट्यावरचं शेंबडं पोरसुद्धा त्याला वरून हुकूम सोडायचं. तिला त्याची लाज नव्हती वाटत. तिला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

तेवढ्यात पंपाचा वॉशर शोधत व्यंकट पाटीलच दुकानात शिरले. गावचा माणूस दारात बसलेला बघून त्यांना बरं वाटलं.

"काय रं लिंब्या! वाकस घेतूस? घे, घे. पाऊस पडला की उजाडायच्या आत दारात ये. माझी औतं समदी मोडून पडल्यात."

"हाव, मालक," लिंबाजी बसल्या जागेवरून म्हणाला. पाटलाकडे बघायला त्याला मान पार मागे टाकावी लागली.

गेल्या शेळ्या, असं चांगुणाच्या मनात आलं. तिने तोंड फिरवलं आणि पिशवीचे बंद आवळू लागली.

मागे वाकस फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं तर लिंबाजी चपला घालत होता. तो उठला, गुडघे झटकले आणि पाटलासमोर सरळ उभा राहिला. पाटलाहून तो चार बोटं उंच निघाला. इतक्या वर्षांच्या संसारात चांगुणाला हे आजच दिसलं.

"भाई, शिकंजा बांधा."

"आरं, त्येचं काय करतूस?" पाटील म्हणाले. "औतं कशानं भरशील?"

"वाकस हाय की घरी, जुना. भरतो की." लिंबाजीची नजर खाली गेली नाही. "तेवढी माझ्या घरी धाडून द्या, पाटील. ह्यो बोल्ट मारून बसतो. उचलून तुमच्या दारात आणता यायचा न्हाई."