ड्रॅगनने आधी कुणाला मारायचं

प्लायवुडची गुहा दोन फूट उंच होती आणि तिच्यातला ड्रॅगन सुताराने स्वतः कोरला होता. सुट्टीच्या दुपारी बाकावरचा भुसा झाडून चौघं तिच्याभोवती बसली होती: सुतार, त्याची बायको, त्याची धाकटी बहीण आणि शेजारचा प्लंबर. गोष्ट सुताराने सांगायची, राक्षसही त्यानेच चालवायचे, बाकीच्या तिघांनी एकेक लाकडी बाहुली घेऊन वीर व्हायचं आणि कुणाचा वार लागला ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं, असा हा खेळ. दोन वर्षं चाललेल्या गोष्टीची आज शेवटची लढाई होती.

ड्रॅगन लढवावा तर दादानेच, असं धाकटीला मनापासून वाटत होतं. दुसऱ्या कुणी एवढं मोठं जनावर मधोमध उभं करून मार खायला ठेवलं असतं. दादाचा ड्रॅगन एका जागी ठरत नव्हता. प्लंबरचा बाण सुटला की तो शेपटीने एक खांब पाडायचा, वहिनीची तलवार लागली की पंखांच्या वाऱ्याने मशाली विझवायचा. प्रत्येकाची पाळी झाली की याची एक खोडी ठरलेली. ड्रॅगनचा अर्धा जीव गेल्यावर तर दादाने गुहेतल्या पुलाखालची एक फळी शांतपणे ओढून घेतली, आणि पुलासकट वहिनीची तलवारबाई खाली गेली.

प्लंबरने कपाळावर हात मारला. "फळी सुटी आहे हे आधी सांगायचं तरी."

"ड्रॅगन सांगतो होय?" सुतार म्हणाला.

धाकटी या खेळात वैद्य होती. तिने तलवारबाईला खालून वर काढलं, औषध पाजलं, उभं केलं. ड्रॅगनने तलवारबाईला पुन्हा लोळवलं. धाकटीने पुन्हा उठवलं. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं. ड्रॅगन धरलेला दादाचा हात आधी तिच्या वैद्याकडे यायचा, थबकायचा आणि वहिनीकडे वळायचा.

नऊ महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. वहिनी तिच्याशी भांडत नव्हती. पत्त्यांत तर सगळ्यांनी तिला इतक्या वेळा जिंकू दिलं होतं की पत्ते बघितले तरी तिला कंटाळा यायचा. ते सगळं तिने गिळलं होतं. पण दादाने या गुहेत तसंच करावं, याचा तिला फार राग आला.

"दादा, हा ड्रॅगन किती वर्षांचा आहे म्हणालास?"

"सातशे."

"सातशे वर्षांत त्याला एवढं कळलं नाही, की आधी वैद्याला मारायचं?"

"अगं, कशाला उगाच आठवण करून देतेस त्याला," वहिनी म्हणाली.

"त्याला आठवण आहे. तो मुद्दाम करतोय."

सुतार गुहेकडे बघत राहिला. "तू अजून..." त्याने सुरुवात केली.

"मी अजून काय?"

फासे टाकताना सुतार पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा धरायचा, म्हणजे त्याला किती पडले ते कुणाला दिसू नये. तो आडोसा त्याने उचलून बाकाखाली ठेवून दिला. मग ड्रॅगन वळवला आणि आवाज खाली नेला.

"वैद्यबाई, तुम्हीच ना त्या? मघापासून मी तुमचीच चिंता करतोय."

धाकटीच्या अंगावर काटा आला. तिला विलक्षण आनंद झाला.

फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला. एकोणीस. एकाच फुत्कारात वैद्याचा जीव शून्यावर आला. शून्यावर आलेल्या वीराला एकच फेक मिळते: दहा किंवा जास्त पडले तर श्वास चालू, कमी पडले तर त्या वीराचा खेळ संपला. धाकटीने फासा टाकला. तो प्लंबरच्या कोपराला लागून थांबला.

सात.

"माझा हात लागला," प्लंबर घाईघाईने म्हणाला. "ही फेक धरायची नाही. ताई, तुम्ही परत टाका."

"हो, परत टाक," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

धाकटीने दादाकडे बघितलं. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने परत टाक म्हटलं नाही.

"गेलीस," तो म्हणाला.

"गेले," धाकटी म्हणाली. तिने आपला लाकडी वैद्य स्वतःच्या हाताने आडवा केला. असा ड्रॅगन दुसऱ्या कुणाला जमला नसता, असं तिला दादाला सांगायचं होतं, पण लढाई अजून संपली नव्हती. ड्रॅगनचा बराच जीव शिल्लक होता, आणि वहिनी आणि प्लंबर नुसतेच त्या आडव्या बाहुलीकडे बघत बसले होते.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "वहिनी, तुझी पाळी आहे."

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि फासा उचलला. धाकटीने दोन्ही कोपरं बाकावर टेकली आणि खुर्ची पुढे ओढली. आपल्यामागे ही दोघं कशी लढतात, ते तिला नीट बघायचं होतं.