लंगडण्याचा हुकूम

"रविवारी जरा लंगडत चाल," हॅल्वर्सन म्हणाला.

रॉइस टॅकेटला वाटलं, साहेब थट्टा करतोय. पण बेसबॉल क्लबचा हा मॅनेजर थट्टा करणाऱ्यातला नव्हता. त्याने टेबलावरचा कागद पुढे सरकवला. पुढच्या वर्षी लीगमध्ये दोन नवी शहरं येणार होती आणि त्यांचे खेळाडू काही आभाळातून पडणार नव्हते. प्रत्येक जुन्या क्लबने पंधरा नावं राखून ठेवायची, उरलेल्यांतून नव्यांनी हवे ते उचलायचे, असं ठरलं होतं. कागदावर पंधरा नावं होती. टॅकेटने ती दोनदा वाचली. अकरा वर्षं या क्लबसाठी फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलले, पण त्याचं नाव त्यात नव्हतं.

"सोळावा तूच होतास रे," हॅल्वर्सन म्हणाला. "पण ही पोरं तरणी आहेत, मोकळी सोडली की पळवतील. तुला छत्तीस झाली. रविवारी शेवटच्या सामन्याला त्यांची माणसं येतायत. थोडा पाय ओढलास की तुला कोण हात लावतंय? मग पुढच्या वर्षी इथेच बस आरामात, बाकावर. अडीअडचणीला एक कॅचर लागतोच. एवढंसं नाटक कर, बस्स."

"बाकावर?"

"मग काय डोक्यावर बसवू?"

अकरा वर्षं माणूस धुळीत बसला, चेंडू अडवताना तीनदा बोटं मोडून घेतली, आणि वर हे ऐकायचं! दुसऱ्या कुणी टेबल उलटवलं असतं. टॅकेटने फक्त खुर्ची जागेवर सारली आणि ताठ चालत बाहेर पडला. तो नेहमी ताठच चालायचा. मैदानावर सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळे गेल्यावर निघायचा. संघातली पोरं त्याला वॉचमन म्हणून चिडवायची.

घरी त्याची बायको लुडीन शेंगा सोलत बसली होती. त्याने सांगितलं तशी ती हसत सुटली.

"लंगड म्हणाला? तुला? अगं बाई गं!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पदराने डोळे पुसले. उठून तिने स्टोव्हवर मोठं पातेलंभर पाणी तापत ठेवलं.

"मग काय करणार आहेस?"

"बाकावर बसायला मी काय पेन्शनर आहे? नव्या गावाने उचललं तर खेळेन तरी."

"त्या नव्या पोर्ट हॅलमला म्हणे अजून मैदानसुद्धा बांधून झालेलं नाही."

"नसू दे. चिखलात खेळेन."

रविवारी स्टँड अर्धं रिकामं होतं. पोर्ट हॅलमचा किंचेलो नावाचा म्हातारा दात कोरत पुढच्याच रांगेत बसला होता. हॅल्वर्सन वर काचेमागे होता. आठव्या डावात टॅकेटचा फटका दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडला आणि तो पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, पोचला. शहाण्या माणसाने तिथेच उभं राहायचं.

पिचर चेंडू टाकतो ना टाकतो तोच धूम ठोकून पुढचा बेस गाठायचा, याला या खेळात चोरी म्हणतात. टॅकेटने चार वर्षांत एकही चोरी केली नव्हती. म्हणून पिचरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि टॅकेट पळाला.

"अरे मेल्या, थांब!" प्रशिक्षक मागून बोंबलला.

थांबतोय कुठला! शेवटच्या तीन पावलांना त्याने अंग झोकून दिलं आणि पोटावर घसरत बेसला हात लावला. अंपायरने दोन्ही हात पसरले. सुटला! अर्ध्या रिकाम्या स्टँडने मैदान डोक्यावर घेतलं. टॅकेट आधी जमिनीला हात टेकून मग उठला. कपडे झटकले. आणि टोपी काढून त्याने वरच्या काचेकडे बघत झकास मुजरा केला.

ऑक्टोबरात निवड झाली. पोर्ट हॅलमने त्याला उचललं.

"तुला लंगडायला सांगितलं होतं, चोरी करायला नाही!" हॅल्वर्सनने टेबलावर हात आपटला. "एवढं साधं नाटक जमलं नाही तुला?"

"नाही जमलं, साहेब." टॅकेटने आपले कागद घेतले आणि तो ताठ चालत जिना उतरला.

खाली अंगणाच्या पलीकडे किंचेलो गाडीला टेकून उभा होता.

"सावकाश ये, बाबा," तो तिथूनच म्हणाला. "घाई नाही. चौदा वर्षं मीपण उकिडवाच बसलोय. तू हात टेकून उठलास ना, तेव्हाच समजलं."

टॅकेट जागच्या जागी थिजला. "समजलं? आणि तरी उचललंत मला?"

"पहिल्या वर्षी आम्ही शंभर सामने हरणार आहोत. पळता येणारे मिळतील रे ढिगाने. पळता येत नसताना पळणारा एक तरी हवा की नको?"

टॅकेटने मोठा श्वास सोडला. मग भर दुपारी, भर अंगणात, तो गाडीकडे निघाला. उजवा पाय फरफटत होता. दर पावलाला तो एका बाजूला कलत होता.

वरची खिडकी धाडकन उघडली. "आता कशाला?" हॅल्वर्सन ओरडला. "निवड झाली! आता कुणासाठी हे नाटक?"

टॅकेट वळला. कित्येक दिवसांनी तो मोकळं हसला.

"नाटक चार वर्षं केलं, साहेब, ताठ चालायचं. आजपासून बंद!"