आईच्या वाडग्यातली वाफ

वडील गेल्यापासून आईने अन्न टाकलं होतं. म्हणून लेक तिला रामेनच्या त्या जपानी हॉटेलात घेऊन आली, जिथे आई-वडील दोघं हौसेने यायचे.

सूप-शेवयांचे वाफाळते वाडगे समोर आले. लेकीच्या वाडग्यातली वाफ सरळ वर चढत होती. आईच्या वाडग्यातली मात्र आडवी पडत होती, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून कुणी फुंकर घालावी तशी. पंखा बंद होता. खिडक्याही लावलेल्या होत्या.

"अहो, पुरे! लहान आहे का मी?" आई त्या खुर्चीकडे बघून चक्क लाजली आणि सुर्रकन शेवया ओढू लागली.

काही का असेना, आई जेवत होती. लेकीचा जीव भांड्यात पडला.

शेवया संपल्या, अंडं संपलं. आईने दोन्ही हातांनी वाडगा उचलून तोंडाला लावला आणि कुणाचं काही ऐकल्यासारखी थांबली.

"हो हो, येते. एवढं सूप संपलं की निघतेच तुमच्याबरोबर."

लेकीने झडप घालून वाडगा धरला. "आई, नको! राहू दे ते. टाक थोडं."

"सोड गं," आई वाडगा ओढत म्हणाली. "ते उठलेसुद्धा."